संशोधन छापून येतं, पेशंटपर्यंत पोचत नाही. सरकारने नक्की कुठे हात घालायचा?

शेवंती_१२:

नमस्कार मंडळी, आजवर नुसती वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी पब्लिक पॉलिसी शिकतेय आणि प्रोजेक्टला विषय घेतलाय की वैद्यकीय संशोधनाचा पेशंटला फायदा व्हावा म्हणून सरकारने धोरण कसं आखावं. घेताना वाटलं सोपा आहे, चार रिपोर्ट वाचू आणि लिहून टाकू, पण जसजसं वाचतेय तसतसं डोकं भणभणायला लागलंय.

जिकडे तिकडे एक आकडा सापडतो की संशोधनातून आलेली गोष्ट रोजच्या प्रॅक्टिसमध्ये यायला १७ वर्षं लागतात. हा आकडा २००० सालच्या एका पेपरमधला, तेव्हापासून जो तो तोच घोकतोय, आणि मोजणी कुठून सुरू करायची नि कुठे थांबवायची हे प्रत्येकाचं वेगळं. पण उशीर होतो यात कोणाचंच दुमत नाही. मग ब्रिटनच्या अर्थखात्याने करून घेतलेला २००६ चा कुक्सी रिपोर्ट वाचला. त्यात म्हटलंय की गाडी दोन ठिकाणी अडकते, एक म्हणजे लॅबमधल्या कल्पनेपासून औषध किंवा उपकरण तयार होईपर्यंत, आणि दुसरं म्हणजे ते तयार झाल्यावर, सिद्ध झाल्यावरसुद्धा, प्रत्यक्ष वॉर्डात वापरात येईपर्यंत.

पहिल्या अडथळ्यावर ढीगभर लिखाण आहे. दुसऱ्यावर मला फार काही हाती लागत नाहीये. आमचे सर म्हणतात संशोधनाचा पैसा वाढवा आणि मंजुऱ्या फास्ट करा, बाकीचं आपसूक होतं, एवढंच लिही. मला हे पटत नाहीये पण का पटत नाहीये ते धड मांडता येत नाहीये. इथे दवाखान्यातले, औषध कंपन्यांतले, सरकारी खात्यातले बरेच जण आहेत म्हणून विचारते. कुठल्याही देशातलं उदाहरण चालेल, फक्त खरं घडलेलं हवं.

---

डॉ_निवांत:

शेवंतीताई, सरांना एक गोष्ट सांगा, आपसूक काय होतं ते कळेल त्यांना.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर काम करत होते. अभ्यास वेगळाच चालला होता, प्रसूती नेमकी कशाने सुरू होते याचा, पण त्यांच्या लक्षात आलं की पोटात असताना स्टिरॉइड मिळालेली कोकरं खूप आधी जन्मूनही श्वास घेतायत, खरं तर त्यांची फुप्फुसं तयारच नसायला हवी होती. मग त्यांनी आणि हॉवी या बालरोगतज्ज्ञांनी मिळून माणसांत ट्रायल केली. वेळेआधी प्रसूत होऊ घातलेल्या बाईला स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे बाळाची फुप्फुसं लवकर पिकतात. हे छापून आलं १९७२ मध्ये. जुनं, स्वस्त औषध, नवीन काही बनवायचं नाही, मशीन नाही, ऑपरेशन नाही.

नंतर आणखी ट्रायल झाल्या, बहुतेकींचा कल तोच. १९९० मध्ये सगळ्या एकत्र करून हिशोब मांडला गेला तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने एकमताचं निवेदन काढून डॉक्टरांना हे वापरा म्हणून सांगितलं ते १९९४ मध्ये! म्हणजे पहिल्या ट्रायलनंतर बावीस वर्षांनी, आणि तोवर ज्या बायकांना हे मिळायला हवं होतं त्यातल्या फारच थोड्यांना मिळत होतं. ट्रायल्स एकत्र करून असा हिशोब मांडणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा लोगो बघा कधीतरी, गोलात आडव्या रेघा आहेत ना, त्या याच ट्रायल्सच्या आहेत. संस्थेने स्वतःच्या बोधचिन्हातच हा उशीर कोरून ठेवलाय म्हणा.

आता इथे पैसा कमी होता का, तर नाही. मंजुरी अडली होती का, तर औषध आधीपासूनच बाजारात होतं. अडलं ते इथे, की हे काम कोणाचंच नव्हतं. औषध जुनं, पेटंट नाही, त्यामुळे कंपनीचा एमआर येऊन सांगणार नाही. संशोधकाचा पेपर छापून झाला, तो पुढच्या विषयाकडे गेला. सरकारला वाटलं डॉक्टर वाचतील आणि करतील. डॉक्टर म्हणाले आमच्या सरांनी असं कधी शिकवलं नाही. माझ्या मते धोरणात पहिला प्रश्न हाच यायला पाहिजे की पेपर छापून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे काम कोणाच्या टेबलावर असतं. ज्याचं उत्तर 'कोणाच्याच नाही' असं येतं ते सगळं असंच पडून राहतं.

---

पडद्यामागचा:

डॉक्टरसाहेबांशी सहमत, पण पहिला अडथळा एवढ्यावर सोडून देऊ नका. मी औषध मंजुरीच्या कागदपत्रांचं काम करतो (कंपनी सांगत नाही, नोकरी प्यारी आहे).

लॅबमध्ये उंदरात चाललेला औषधाचा रेणू माणसात चालेलच असं नसतं, बहुतेक वेळा नाहीच चालत. त्या मधल्या टप्प्यात विद्यापीठ म्हणतं आमचा पेपर झाला, आणि कंपनी म्हणते अजून फार कच्चं आहे, रिस्क आम्ही का घ्यायची. इथे सरकार कायद्याने बरंच काही हलवू शकतं आणि हलवलंयही. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचं पेटंट विद्यापीठाला ठेवता यायला लागलं, त्याआधी ती पेटंटं सरकारदरबारी धूळ खात असायची. १९८३ मध्ये दुर्मिळ आजारांच्या औषधांचा कायदा आला, औषध मंजूर झालं की त्या आजारासाठी सात वर्षं दुसऱ्या कोणाला तेच औषध विकता येणार नाही. त्याआधी अशा औषधांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं.

दुसरा मार्ग म्हणजे 'तुम्ही बनवा, आम्ही घेऊ' असं आधीच लिहून देणं. न्यूमोनियावरच्या न्यूमोकोकल लसीसाठी २००९ मध्ये काही देश आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून दीड अब्ज डॉलर बाजूला काढून ठेवले, की गरीब देशांना परवडेल अशा किमतीत लस द्याल तर हे पैसे तुमचे. नवीन अँटिबायोटिकचं तर अजूनच त्रांगडं आहे, कारण चांगलं नवीन अँटिबायोटिक जितकं कमी वापराल तितकं चांगलं, मग कंपनीने पोट कशावर भरायचं? म्हणून इंग्लंडने २०२२ पासून दोन औषधांसाठी वर्षाला ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, किती डोस लागले याच्याशी संबंध नाही.

अवांतर: या सगळ्याची दुसरी बाजू म्हणजे किमती. दुर्मिळ आजारांच्या औषधांच्या किमती बघून घाम फुटतो. सवलत देताना सरकारने किमतीचं बोलून घेतलं नाही तर औषध मंजूर होतं आणि पेशंट काचेतून बघत बसतो. तेव्हा शेवंती, 'मंजुरी फास्ट' एवढंच लिहिलंस तर अर्धाच पेपर होईल.

---

तिरकस:

एवढं लिहायची गरजच नाही. सगळीकडे पैसे खातात म्हणून पोचत नाही. विषय संपला.

---

सरासरी:

@तिरकस, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टीत पैसे खायला होतेच कुठे? स्वस्तातलं इंजेक्शन ते.

शेवंती, मी ट्रायल्सची आकडेमोड करतो, पोटापाण्याचा धंदा तोच. डॉक्टरांच्या स्टिरॉइडचीच पुढची गोष्ट सांगतो कारण ती लोक सहसा सांगत नाहीत आणि तुझ्या विषयाचा गाभा मला तिथे दिसतो.

एवढं सिद्ध झालंय म्हटल्यावर साहजिकच विचार आला की गरीब देशांत, छोट्या दवाखान्यांत, गावपातळीवरसुद्धा हे पोचवूया, सगळ्यात जास्त बाळं तिथेच दगावतात. सुदैवाने कोणीतरी म्हणालं की आधी मोजून बघू. मग सहा देशांत (अर्जेंटिना, ग्वाटेमाला, भारत, केनिया, पाकिस्तान, झांबिया) गावांचे गट पाडून ट्रायल केली, २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. जिथे स्टिरॉइडचा प्रसार केला तिथे अगदी कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि सगळी बाळं धरली तर दर हजारी साधारण साडेतीन मृत्यू जास्तच झाले. जास्त! आयांमध्ये इन्फेक्शनचा संशयही वाढलेला दिसला.

असं का झालं यावर अजून वाद आहेत, पण दोन गोष्टी उघड आहेत. एक तर तिथे सोनोग्राफी नाही, दिवस किती भरलेत याचा अंदाजच, त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्या कितीतरी बायका नंतर जवळजवळ पूर्ण दिवसांनीच बाळंत झाल्या, म्हणजे ज्यांना गरज नव्हती त्यांना ते मिळालं. आणि दुसरं, वेळेआधी जन्मलेल्या बाळाला पुढे जी काळजी लागते, ऊब, ऑक्सिजन, श्वासाला मदत, ती तिथे नव्हतीच.

मग जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा ट्रायल केली, यावेळी बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातल्या हॉस्पिटलांत, जिथे दिवस नीट मोजता येतात आणि बाळाची काळजी घेता येते. २०२० मध्ये निकाल आला, बाळांचे मृत्यू स्पष्ट कमी झाले, इतके की ट्रायल वेळेआधी थांबवली. औषध तेच!

म्हणून 'सिद्ध झालं, आता पसरवा' असं धोरण लिहिणाऱ्याची मला भीती वाटते. कुठे सिद्ध झालं, आजूबाजूला काय असताना सिद्ध झालं, आणि आपण जिथे नेतोय तिथे ते आजूबाजूचं आहे का, हे विचारल्याशिवाय पैसा सोडू नये. पसरवतानासुद्धा मोजत राहायचं. बावीस वर्षांचा उशीर वाईटच, पण न मोजता केलेल्या घाईत मेलेली बाळं तर कोणाच्या हिशोबातच येत नाहीत.

मंजुरी फास्ट करण्याचंही तसंच. अमेरिकेत १९९२ पासून सोय आहे की गंभीर आजार असेल तर एखादी रक्ततपासणी किंवा स्कॅन सुधारतोय एवढ्यावर औषधाला तात्पुरती मंजुरी मिळते आणि पेशंटला खरंच फायदा होतो हे कंपनीने नंतर सिद्ध करायचं. एचआयव्ही आणि कॅन्सरमध्ये याने जीव वाचलेत, नाकारत नाही. पण 'नंतर' कधी उगवतच नाही असं बऱ्याचदा झालं. अल्झायमरच्या अड्युकॅनुमॅबला २०२१ मध्ये अशी मंजुरी दिली तेव्हा एफडीएच्याच (तिथली औषध मंजुरी देणारी संस्था) सल्लागार समितीतल्या ११ पैकी १० जणांनी पुरावा पुरेसा नाही असं मत दिलेलं आणि अकरावा तळ्यात-मळ्यात होता. २०२४ मध्ये कंपनीने ते औषध सोडूनच दिलं. त्याआधी २०२२ च्या अखेरीस कायदाही बदलावा लागला, की पुढची ट्रायल आधी सुरू करा, मग मंजुरी, अशी अट घालायचा अधिकार एफडीएला मिळाला.

---

रात्रपाळी:

सगळ्या प्रतिसादांना +१. मी स्टाफ नर्स आहे, लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढलीत, आता शिकवते. मोठमोठ्या धोरणांतलं मला कळत नाही पण ते वॉर्डात येऊन पडतं तेव्हा काय होतं ते सांगते.

बाळंतपणानंतर रक्तस्राव होतो त्याचे उपाय माहीत नाहीत असं नाही हो. गर्भाशय चोळायचं, ऑक्सिटोसिन द्यायचं, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड द्यायचं, सलाइन लावायचं, तपासून बघायचं कुठे फाटलंय का. सगळं पुस्तकात आहे. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड जपानमध्ये ओकामोतो नवरा-बायकोने १९६२ मध्ये शोधलेलं, आणि बाळंतिणींवर वीस हजार बायकांची ट्रायल छापून आली २०१७ मध्ये, तेव्हापासून तीन तासांच्या आत द्या म्हणून सांगतायत, दर पंधरा मिनिटं उशीर झाला तर फायदा साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो म्हणे.

पण पंधरा मिनिटं कशापासून मोजणार? रक्त जास्त जातंय हे कळायला तर पाहिजे! आम्ही काय करायचो, चादर किती भिजली, पॅड किती भिजले, फरशीवर किती आहे, आणि अंदाजाने लिहायचो '३०० मिली'. अंदाज नेहमी कमीच निघायचा. धडधाकट बाई हसत बोलत असते आणि अचानक पांढरीफटक पडते, मग पळापळ. एका ठिकाणी काम करत होते तिथे गाइडलाइनचा रंगीत तक्ता आला, लॅमिनेट करून भिंतीवर लावला, वरून साहेब आले की त्यांना दाखवायचा. औषध मात्र कुलपात आणि किल्ली ज्या सिस्टरकडे त्या राउंडला गेलेल्या.

मग आफ्रिकेतल्या चार देशांत (केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया) ८० हॉस्पिटलांत एक ट्रायल झाली, नाव ई-मोटिव्ह, २०२३ मध्ये छापून आली. त्यांनी नवीन औषध काहीच आणलं नाही. बाईच्या खाली प्लास्टिकची पिशवीसारखी चादर, तिच्या टोकाला रक्त जमा होतं आणि त्यावर रेघा असतात, रेघेपर्यंत आलं की कोणाला विचारायचं नाही, पाचही गोष्टी एकापाठोपाठ न करता एकदमच सुरू करायच्या. सगळं सामान एका खोक्यात किंवा ट्रॉलीवर हाताशी. बस. जास्त रक्तस्राव ओळखण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ वर गेलं, आणि भयंकर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी. मी वाचलं तेव्हा विश्वासच बसेना.

माझं म्हणणं एवढंच की 'कसं पोचवायचं' हेसुद्धा संशोधनच आहे आणि त्याला पैसा कोणी देत नाही कारण त्यात भारी काही दिसत नाही. रेघा मारलेल्या प्लास्टिकसाठी कोणाला पुरस्कार मिळणार? त्यात तक्ते करणाऱ्यांनी रात्री तीन वाजता एकटी नर्स चार टेबलं सांभाळते तेव्हा तो तक्ता कसा वाचायचा हे एकदा येऊन बघावं.

---

शेवंती_१२:

बापरे, एवढं सगळं! रात्रपाळीताई, रेघांची चादर डोक्यातून जातच नाहीये. आणि सरासरी, २०१५ च्या त्या ट्रायलचं मला कुठल्याच रिपोर्टमध्ये सापडलं नव्हतं.

आता माझा प्रश्न असा, की हे सगळं धोरणात लिहायचं तर काय लिहायचं? 'जबाबदारी निश्चित करावी' असं लिहिलं तर ते वाक्य वाचून कोणी काही करत नाही हे मलाही कळतं. आणि घाई व उशीर दोन्हीही टाळायचं हे एकाच वेळी जमलंय असं कुठे आहे का?

---

सरासरी:

जमलंय. कोविडमध्ये ब्रिटनची रिकव्हरी ट्रायल. मार्च २०२०, पहिला मसुदा ते पहिला पेशंट, नऊ दिवस. एरवी नुसत्या परवानग्यांना महिनोन्‌महिने जातात. यात फॉर्म छोटा, ऑनलाइन, कामाच्या गराड्यात अडकलेल्या डॉक्टरलाही भरता येईल असा, आणि मोजायचं मुख्य एकच, २८ दिवसांनी पेशंट जिवंत आहे का. बाकी माहिती सरकारी आरोग्यसेवेच्या नोंदींतून आपोआप घेतली. जवळपास पावणेदोनशे हॉस्पिटलं सामील, आणि देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पत्र काढलं की मनाला येईल ते औषध देत बसू नका, पेशंटला या ट्रायलमध्ये घ्या.

जूनच्या ५ तारखेला कळलं हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचा उपयोग नाही. १६ जूनला कळलं डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी होतात, आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही. त्याच दिवशी तिथल्या सरकारी हॉस्पिटलांत वापरायला सांगितलं. जुनं औषध, कंपनीला रस नाही, डॉक्टरांच्या १९७२ च्या गोष्टीतल्यासारखंच, फक्त इथे वर्षांच्या ऐवजी तास लागले.

पण लोक इथे थांबतात आणि म्हणतात साथ होती म्हणून झालं. साथ तर सगळ्या जगात होती, आणि बाकी ठिकाणी शेकडो चिमुकल्या ट्रायल्स निघाल्या ज्यातून धड काहीच ठरलं नाही. ब्रिटनने २००६ मध्येच हॉस्पिटलांत संशोधनासाठी पगारी नर्सेसचं आणि कर्मचाऱ्यांचं जाळं उभं करायला घेतलं होतं. चौदा वर्षं त्याच्यावर 'हा खर्च कशाला' म्हणून बोटं मोडायला बरीच जागा होती. २०२० मध्ये ते जाळं तयार होतं म्हणून नऊ दिवसांत झालं. उपचार आणि संशोधन वेगळ्या इमारतीत, वेगळ्या खात्यात ठेवलं की मधला रस्ता नंतर बांधता येत नाही.

---

फायलीतला_माणूस:

शेवंती बाळ, मी आरोग्य खात्यातून रिटायर झालो. तुझ्या 'काय लिहायचं' या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे पण ते फार रुक्ष आहे, ऐक.

सरकारात एखादी गोष्ट खरी तेव्हा होते जेव्हा तिला बजेटमध्ये स्वतःची ओळ मिळते. गाइडलाइन म्हणजे सदिच्छा. माझ्या टेबलावरून कितीतरी उत्तम गाइडलाइन गेल्या ज्यात कुठलं औषध द्यायचं ते होतं पण ते औषध खरेदीच्या यादीतच नव्हतं. यादीत नाही तर टेंडर नाही, टेंडर नाही तर स्टॉक नाही, आणि मग वरून विचारणा येते की अंमलबजावणी का नाही. रात्रपाळीताईंची कुलपाची किल्ली हाच आमचाही आजार, फक्त आमचं कुलूप मोठं.

इंग्लंडात नाइस नावाची संस्था आहे, १९९९ पासून, नवीन उपचाराचा फायदा आणि खर्च तोलून बघते. इतकं तर बऱ्याच देशांत होतं. पण तिला दात आले २००२ मध्ये, जेव्हा नियम झाला की नाइसने एखाद्या औषधाला हो म्हटलं की सरकारी आरोग्यसेवेने तीन महिन्यांच्या आत त्याचे पैसे द्यायचेच. शिफारस आणि तिजोरी यांच्यामध्ये तारीख घातली! असं वाक्य धोरणात लिही. 'शक्य तितक्या लवकर' लिहिलंस की ती फाइल माझ्यासारख्याच्या नातवापर्यंत जाते.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं, डॉ. अभय आणि राणी बंग यांचं, तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे, पण धोरण म्हणून बघा. गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळांची काळजी, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली, लॅन्सेटमध्ये १९९९. सरकारने देशभर आशांमार्फत घेतलं २०११ मध्ये. बारा वर्षं, आणि हे तर यशाचं उदाहरण! पण घेतलं तेव्हा कसं घेतलं बघ. नुसतं 'आशांनी भेट द्यावी' असं नाही. हॉस्पिटलात बाळंतपण झालं असेल तर भेटींचे दिवस ३, ७, १४, २१, २८, ४२ असे छापलेला फॉर्म, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीचीही एक, आणि भेटी पूर्ण झाल्यावर मानधन. कोणी, कधी, कशाचे पैसे, तिन्ही एका कागदावर. आमच्या भाषेत याला योजना म्हणतात, बाकी सगळं भाषण. मानधन पुरेसं होतं का, वेळेवर मिळतं का, त्यावर वेगळा धागा काढा, तिथे मी भरपूर बोलेन.

सरासरी यांचं मोजत राहायचं म्हणणं मात्र खात्यात पचायला जड जातं, खरं सांगतो. मंत्र्याने उद्घाटन केलेली योजना कामाची नाही असा आकडा आला तर तो कोणाला दाखवायचा? म्हणून मोजणारा माणूस योजना चालवणाऱ्याच्या हाताखाली ठेवू नये, आणि निकाल जाहीर करायची तारीख योजना सुरू होतानाच छापून टाकावी. मग लाजेकाजेस्तव तरी बाहेर येतो.

---

डॉ_निवांत:

काका, नातवाचं वाक्य भारी!

एक शंका. तारीख घालून पैसे द्यायलाच लावायचे म्हणजे बजेट ठरलेलं असताना ते दुसऱ्या कशातून तरी कापले जाणार. महागडं कॅन्सरचं औषध आत आलं की कोणाच्या तरी फिजिओथेरपीचे पैसे जातात आणि तो पेशंट कुठे दिसत नाही. इंग्लंडातही यावर कायम भांडणं चालू असतात.

---

फायलीतला_माणूस:

जातात ना. म्हणूनच आत काय घ्यायचं याइतकंच बाहेर काय काढायचं हेही त्याच समितीने सांगायला पाहिजे. निरुपयोगी ठरलेलं औषध यादीतून काढताना जे फोन येतात ते मी ऐकलेत. तेवढं धाडस धोरणात लिहून येत नाही, पण 'दर अमुक वर्षांनी यादीतल्या प्रत्येक ओळीचा पुरावा पुन्हा तपासावा' असं लिहून ठेवलं तर धाडस करणाऱ्याला निदान कागदाचा आधार मिळतो.

---

कोरा_कागद:

मी पेशंटचा बाप आहे, डॉक्टर वगैरे नाही. मुलीला एक दीर्घ आजार आहे, नाव नको. तुम्ही सगळे पोचवायचं बोलताय, मी म्हणतो मुळात काय शोधायचं हे तरी कोण ठरवतं? तिच्या आजारावरच्या ट्रायल्स वाचतो तर सगळ्यांत रक्तातला एक आकडा किती उतरला हे मोजलेलं. तो आकडा उतरतो हो, पण ती शाळेतून आली की जिना चढू शकत नाही, थकून पडते, आणि थकव्यावर कोणीच काही करत नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले रिपोर्ट छान आहेत.

ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स म्हणून २००४ पासून एक उपक्रम आहे. एका आजाराचे पेशंट, घरचे आणि उपचार करणारे एका टेबलावर बसतात आणि उत्तर न मिळालेल्या प्रश्नांतून पहिले दहा ठरवतात. औषध कंपनीला त्या टेबलावर खुर्ची नसते. मी त्यांच्या याद्या बघितल्या तर थकवा, झोप, वेदना, रोजचं जगणं असलं बरंच काही वर होतं. संशोधनाचा सरकारी पैसा देताना असल्या याद्या समोर धरायला सांगितलं तर पुढे पोचवायला एवढा जोर लावायला लागणार नाही असं मला वाटतं, कारण ज्याची वाट बघतोय ते आम्ही स्वतःच ओढून नेऊ.

---

पडद्यामागचा:

@कोरा_कागद, पटलं. थोडी भर, रेग्युलेटरही आता पेशंटने स्वतः सांगितलेला त्रास मोजमाप म्हणून धरतात, फक्त ते मोजमाप आधी ठरवून, तपासून घेतलेलं असावं लागतं आणि त्या कामाला वेळ व पैसा लागतो जो कुठलीच कंपनी एकटी घालत नाही, कारण त्याचा फायदा प्रतिस्पर्ध्यालाही होणार. हे काम सरकारी पैशातून होण्यासारखं आहे. शेवंती, तुझ्या पेपरात 'कंपनी करणार नाही आणि संशोधकाला श्रेय मिळणार नाही' अशा कामांची एक यादीच कर. जुन्या औषधांच्या ट्रायल्स, रात्रपाळीताईंच्या रेघा, ही मोजमापं. सरकारी पैसा पहिला तिथे गेला पाहिजे.

---

शेवंती_१२:

यादी सुरू केलीय. काका, एक विचारायचं होतं, खरेदीच्या यादीत नवीन औषध घालायला साधारण कोणाकोणाच्या सह्या लागतात? तो रस्ता मला आकृती काढून दाखवायचाय.

---

फायलीतला_माणूस:

आकृतीला पान पुरणार नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.